पोत्यात पहार मावत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या अंकात सिमेंटच्या पत्र्यांची बाजू घेणारं एका वाचकाचं पत्र आलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, नाकात केस आहेत, घशात कफ आहे, फुफ्फुसाला स्वतःची झाडलोट करता येते. शिवाय आपल्याकडच्या पत्र्यात असतो तो पांढरा ॲस्बेस्टॉस, म्हणजे दगडातून निघणारा बारीक तंतू, आणि तो अंगात विरघळून जातो. मग एवढी ओरड कशाला? पत्राच्या भाषेवरून ते माल विकणारे वाटले. असोत. मी तो माल बसवणारा आहे. 1994 पासून 2021 पर्यंत औसा, निलंगा आणि उमरगा तालुक्यांत घरं, गोठे, गिरण्या, शाळेच्या खोल्या, मंगल कार्यालयं, जे मिळेल त्यावर मी पत्रे टाकले. शिक्षण नववी नापास. हे पत्र मी बोललो आणि लेकीनं मोबाइलवर टाइप केलं. ती नर्सिंग शिकते. फुफ्फुसाचं जे शास्त्र खाली आलंय ते तिच्या पुस्तकातलं आणि मला तपासणाऱ्या छातीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. धूळ तेवढी माझी.

आमच्या भागात हे पत्रे का आले, ते आधी सांगतो. आजच्या पोरांना वाटतं की माणसं अडाणी होती म्हणून आले. 29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून आम्ही रात्री उशिरा घरी आलो आणि पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं झोपेत गेली. जवळजवळ आठ हजार माणसं मेली. मारणारी होती ती दगडामातीची जाड भिंत आणि वरचं माळवद, म्हणजे मातीचं जड सपाट छत. पिढ्यान्पिढ्या उन्हाळ्यात गार ठेवणारं माळवद एका पहाटेत वैरी झालं. त्यानंतर पुढची कितीतरी वर्षं म्हातारी माणसं छताखाली झोपायला तयार नव्हती. माझी आई थंडीतही अंगणात बाज टाकायची. अशा वेळी हलकं छत हवं होतं. टिनाचा पत्रा उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो, पावसात बोललेलं ऐकू येत नाही आणि दहा वर्षांत गंजतो. सिमेंटचा पत्रा स्वस्त, गंजत नाही, आवाज कमी. माणसांनी विचार करूनच निवडला. मीही 1995 ला स्वतःच्या घरावर तोच टाकला. त्याचा मला पस्तावा नाही. पस्तावा आहे तो कापण्याचा.

पत्रा कापावा का लागतो, हे बाहेरच्याला कळत नाही. दुकानातून सहा, आठ, दहा फुटी पत्रे येतात, घर काही त्या मापानं बांधलेलं नसतं. लांबीला तर कापावं लागतंच, पण खरी धूळ होते ती कोपऱ्यात. चार पत्रे जिथं एकावर एक येतात तिथं चार जाड्या झाल्या की फट राहते, म्हणून त्यातल्या दोघांचे कोपरे तिरके छाटायचे. मोठ्या गोडाऊनला असे दोन-दोनशे कोपरे निघतात. मग हुकासाठी भोकं. भोक नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर पाडायचं, नळीत पाडलं की गळालंच समजा. माझे उस्ताद हे सगळं हातकरवतीनं आणि गिरमिटानं करायचे. वेळ लागायचा, पण पडायचा तो भुसा, जाडाभरडा, पायाशी. 2000 नंतर आमच्या हातात ग्राइंडर आला. काम चौपट वेगानं व्हायला लागलं आणि भुश्याचा झाला धूर. कटरचं पातं पत्र्याला लागलं की पांढरा ढग उठायचा, पलीकडचा हेल्पर दिसायचा नाही. आम्ही गमछा बांधायचो आणि वाटायचं, झालं. संध्याकाळी भुवया पांढऱ्या. घरी गेल्यावर बायको कपडे झटकायची, तेव्हा लेकरू कडेवर असायचं. जे आता टाइप करतंय तेच.

आता त्या वाचकांच्या मूळ मुद्द्यावर येतो. फुफ्फुस धूळ बाहेर टाकतं हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. ज्यांना खळं माहीत आहे त्यांना हे पटकन कळेल. उफणताना वारा आपोआप निवड करतो. जड दाणा पायाशी पडतो, भूस लांब जातं आणि सगळ्यात हलकी कुसळं पार शेजाऱ्याच्या वावरात. श्वासाचंही तसंच. मोठा कण नाकाघशातच अडकतो. त्याहून बारीक कण श्वासनळीच्या फांद्यांत चिकटतो. तिथं आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारी लव असते आणि तिच्यावर कफाचा पातळ थर. ही लव सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेला हलते, वाऱ्यावर ज्वारीचं वावर हलावं तशी, आणि कफाला कणांसकट वर घशाकडे सरकवत नेते. तिथून आपण गिळतो किंवा थुंकतो. नळ्यांत बसलेली बरीचशी धूळ अशी दिवसभरात निघून जाते. गिरणीवाल्याचा सकाळचा बेडका पांढुरका का असतो, त्याचं उत्तर हेच.

पण ही लव फुफ्फुसाच्या शेवटच्या टोकाला, जिथं हवेचे बारीक फुगे आहेत, तिथं नसते. आणि ॲस्बेस्टॉसचा तंतू नेमका तिथं पोचतो. लांबीनं तो धुळीच्या गोल कणापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो, मग तो नाकातच अडकायला हवा होता, असं मलाही वाटलं. लेक म्हणाली, "अण्णा, वारा लांबी बघत नाही, जाडी बघतो." तंतू हवेच्या धारेत आडवा होत नाही, उभ्या सुईसारखा तिच्याबरोबर वाहत जातो. जाडी तीन मायक्रॉनपेक्षाही कमी. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपला केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो. गमछ्याचं विणकाम त्याच्यासाठी म्हणजे वेशीचा दरवाजा. करोनातला निळा मास्कही त्याच लायकीचा, गालाजवळून सगळं आत येतं.

खोल फुग्यांत झाडलोट करायला दुसरी सोय आहे. तिथं फिरत्या सफाई पेशी असतात. त्या कणाला चहूबाजूंनी वेढतात, पोटात घेतात, आत तीव्र रसांनी विरघळवायचा प्रयत्न करतात. नाही विरघळला तर त्याला घेऊन लव असलेल्या नळीपर्यंत सरकतात किंवा लसिकेच्या गाठीत नेऊन टाकतात. साध्या मातीच्या कणासाठी ही सोय पुरते, फक्त वेळ लागतो, आठवडे, महिने. ही पेशी मोठी किती? पंधरा-वीस मायक्रॉन. आणि ॲस्बेस्टॉसचा तंतू वीस, तीस, कधी पन्नास मायक्रॉन लांब.

लेकीच्या पुस्तकात यासाठी मोठा शब्द होता. मी तिला म्हटलं, हे तर पोत्यात पहार भरण्यासारखं झालं. पोतं तीन-साडेतीन फुटांचं, पहार पाच फुटांची. पहार आत जाईल, पण टोक बाहेर राहणार आणि पोत्याचं तोंड काही केल्या शिवता येणार नाही. मग आत जे आहे ते सांडत राहणार. पेशीचं हेच होतं. तोंड मिटत नाही म्हणून कणाला मारण्यासाठी सोडलेले रस शेजारच्या चांगल्या भागावर सांडतात. त्या पेशी आणखी पेशींना बोलावतात. त्याही त्याच पहारीला भिडतात, काही तिथंच मरतात आणि तंतू पुन्हा मोकळा. पुढची पेशी येते, पुन्हा तेच. सूज राहते, आणि जिथं सूज राहते तिथं शरीर चिवट धाग्यांचं वणाचं जाळं विणतं. हवेचा मऊ फुगा हळूहळू जाड, ताठ होतो. फुफ्फुस फुगत नाही. काही तंतूंवर शरीर लोखंडाचा थर चढवतं, सूक्ष्मदर्शकाखाली ते सोनेरी मण्यांच्या काडीसारखे दिसतात. बाहेर काढता येत नाही म्हणून निदान लपेटून ठेवायची धडपड.

म्हणजे झाडूवाला कामचुकार नाही. कचराच असा आला की झाडू घेऊन तोच जखमी होतो, आणि मग रोजची साधी धूळ उचलायलाही हात कमी पडतात.

आता पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचं. इथं त्या वाचकांनी अर्धं खरं लिहिलंय आणि अर्धं खरं फार दिवस टिकतं. पांढरा तंतू कुरळा असतो. फुफ्फुसात तो उभा चिरतो, त्यातलं मॅग्नेशियम निघून जातं, तुकडे पडतात आणि निळ्या किंवा तपकिरी ॲस्बेस्टॉसपेक्षा तो लवकर साफ होतो. निळे-तपकिरी तंतू तर वर्षानुवर्षं आत टिकून राहतात. हे सगळं कबूल. पण लवकर म्हणजे संध्याकाळी आंघोळ केली आणि गेला, असं नाही. आणि मी वर्षातून एकदा पत्रा कापत नव्हतो. आजचा तुटायला लागेपर्यंत उद्याचा ढग आत आलेला असायचा. गावातल्या नालीतला गाळ रोज एक टोपलं काढायचा आणि रोज चार टोपली येऊन पडायची, तर नाली तुंबणारच. दुसरं असं की, काटा निघाला म्हणून वण निघत नाही. तंतू विरघळला तरी त्यानं केलेलं जाळं तिथंच असतं. कर्करोगावर काम करणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेनं पांढऱ्यासकट सगळ्या जातींचा ॲस्बेस्टॉस माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलेला आहे. ब्राझील हा पांढऱ्याचा मोठा उत्पादक देश. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 2017 ला त्यावर बंदी घातली. अमेरिकेनं 2024 ला नेमक्या पांढऱ्यावरच बंदीचा नियम केला. आपल्याकडे तो बाहेरून येतो आणि दुकानात राजरोस मिळतो, म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही.

माझ्या उस्तादांना बिडीचा नाद होता. कटर बंद केला की बिडी, बिडी विझली की कटर. बिडीच्या धुरानं ती लव लुळी पडते हे तेव्हा त्यांना कुणी सांगितलं नाही. म्हणजे वरची झाडलोट बिडीनं बंद, खालची तंतूनं बंद. 1979 साली अमेरिकेतल्या ॲस्बेस्टॉसचं लेपण करणाऱ्या कामगारांचा एक मोठा अभ्यास छापून आला. दोन्हीपासून लांब असलेल्या माणसाला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका एक धरला, तर नुसत्या ॲस्बेस्टॉसवाल्याला साधारण पाच, नुसत्या विडी-सिगारेटवाल्याला दहा-अकरा आणि दोन्ही असणाऱ्याला पन्नासच्या वर. त्यांचं काम आमच्यापेक्षा जास्त धुळीचं होतं, तोच आकडा पत्रा मिस्त्रीला चिकटवता येणार नाही. पण पाच आणि दहाची बेरीज पंधरा होते, पन्नास होत नाही, एवढं नववी नापासलाही कळतं.

उस्ताद गेले ते टीबीनं, असं गाव म्हणतं. आमच्याकडे खोकून वाळलेल्या प्रत्येक माणसाला टीबीच झालेला असतो. थुंकी दोनदा तपासली होती, त्यात काही सापडलं नव्हतं, तरी गोळ्या चालू होत्या. त्यांच्या छातीत खरंच काय होतं ते आता कळायचा मार्ग नाही. कोणत्या कागदावर लिहिलेलंच नाही की हा माणूस तीस वर्षं पत्रे कापत होता.

माझं सुरू झालं ते शिडीवर. 2019 च्या दिवाळीनंतर दहा पायऱ्या चढलो की थांबावं लागायचं. कोरडा खोकला, बेडका नाही. मी चार दवाखाने केले. कुणी दमा म्हटलं, कुणी ॲलर्जी, एकानं हृदय. पंप दिला, तो ओढला, फरक पडला नाही. पाचव्या ठिकाणी डॉक्टरीणबाईंनी पाठीला खाली नळी लावली, खोल श्वास घ्यायला लावला आणि मग पहिला प्रश्न विचारला, "काका, तुम्ही आयुष्यभर काम काय केलं?" मी म्हटलं, पत्रे. त्यांनी मान हलवली. श्वास आत घेताना शेवटी शेवटी चर्र असा आवाज येतो, बॅगेची चिकटपट्टी उघडताना येतो तसा. तो त्यांनी लेकीलाही ऐकवला. स्कॅनमध्ये फुफ्फुसाच्या खालच्या भागात वणाचं जाळं आणि बाहेरच्या आवरणावर पांढरे कडक चट्टे निघाले. त्या म्हणाल्या, सिमेंटची धूळही असेल, सगळं ॲस्बेस्टॉसच्या माथी मारता येणार नाही, पण हे चट्टे मात्र त्याचीच खूण वाटतात. औषधानं आतला तंतू निघत नाही. फुफ्फुस धुऊन काढता येत नाही. आहे ते जपायचं, न्युमोनियाची लस घ्यायची, धुरापासून लांब राहायचं, दरवर्षी फुंकून तपासायचं.

चार डॉक्टरांचा राग नाही. पण 'काम काय केलं' या तीन शब्दांना पैसे पडत नाहीत. मराठवाड्यातल्या प्रत्येक केसपेपरवर नाव आणि वयाखाली ही एक ओळ छापली, आणि 'आत्ता काय करता' याऐवजी 'आजवर काय काय केलं' असं विचारलं, तर पुष्कळ उलगडेल. कारण हा आजार धुळीनंतर लगेच येत नाही. दहा, वीस, तीस वर्षांनी येतो, आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग तर कधी चाळीस वर्षांनीही. तोवर माणसानं काम सोडलेलं असतं, किराणा दुकान टाकलेलं असतं, आणि तो दुकानदार म्हणून दवाखान्यात जातो.

सर्वोच्च न्यायालयाला हे तीस वर्षांपूर्वीच कळलं होतं. जानेवारी 1995 च्या निकालात ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षं किंवा काम सोडल्यावर 15 वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर ठेवा, असं सांगितलं. कारखान्यासाठी ते ठीक. माझा कारखाना म्हणजे आज या गावची शाळा, उद्या त्या गावचा गोठा. माझी नोंद कोण ठेवणार? मी बसवलेल्या पत्र्यांची नोंद माझ्या वहीत आहे, नगाप्रमाणे, कारण मजुरी नगावर होती. तब्येतीची कुणाकडेच नाही.

आता हे पत्र लिहायला बसलो त्याचं खरं कारण. या उन्हाळ्यात आमच्या गावात एका शाळेच्या जुन्या खोल्यांवरचे सिमेंटचे पत्रे उतरवले. नवीन स्लॅब पडतोय, चांगली गोष्ट आहे. पण पत्रे उतरवले कसे, तर गंजलेले हूक कोण सोडवत बसणार म्हणून घणानं फोडले आणि वरून खाली टाकले. भर उन्हात, कोरडे. खाली राहिला तुकड्यांचा ढीग. तो ट्रॅक्टरनं पसरून मैदानातला खड्डा भरला. आता लेकरं त्यावर कबड्डी खेळतात आणि ट्रॅक्टर वळला की पांढरं उडतं. मी जाऊन बोललो. मला उत्तर मिळालं, "मिस्त्री, तुम्हीच बसवले होते ना?" हो, 1998 ला मीच बसवले होते.

घाबरवायला मी लिहीत नाही. डोक्यावर शाबूत बसलेला सिमेंटचा पत्रा सहसा काही करत नाही. त्यात ॲस्बेस्टॉस दहा टक्क्यांच्या आसपास, बाकी सिमेंट आणि राख, आणि तंतू त्यात घट्ट बांधलेला असतो. तो सुटतो कापताना, फोडताना, घासताना. म्हणून हे पत्र वाचून कुणी उद्या सकाळी घण घेऊन वर चढू नये. उन्हाळ्यात चुना मारता तो मारा, त्यानं उलट पृष्ठभाग धरून राहतो. पण आधी तारेच्या ब्रशनं शेवाळ खरवडू नका, घासलं की तंतू सुटतो. 2014 च्या गारपिटीत फुटलेले तुकडे अजून कितीतरी घरी न्हाणीच्या आडोशाला, कोंबड्यांच्या खुराड्याला लावलेले आहेत. ते तिथंच राहू द्या, फक्त त्यांचे आणखी तुकडे करू नका. उतरवायचाच असेल तर फवारणीचा पंप स्वच्छ धुऊन घ्या, पाण्यात चमचाभर कपड्याची पावडर टाका, पत्रा दोन्ही बाजूंनी भिजवा, हूक कापून अख्खा पत्रा खाली घ्या. पत्र्यावर थेट पाय देऊ नका, फळी टाका. धुळीनं मरायला तीस वर्षं लागतात, जुना पत्रा फुटून खाली पडायला एक पाऊल पुरतं. आमच्या धंद्यात तशी माणसं जास्त गेलीत. आणि खाली आलेला माल जाड प्लास्टिकमध्ये बांधा. 2016 च्या केंद्राच्या नियमांत टाकून दिलेला ॲस्बेस्टॉस घातक कचऱ्याच्या यादीत आहे, मैदानाच्या भरावाच्या यादीत नाही.

त्या मैदानावर निदान फूटभर माती टाकून रोलर फिरवावा, पावसाळ्याआधी. माती मी देतो, माझ्या वावरातली. ट्रॅक्टरचं भाडं ज्यानं पसरलं त्यानं द्यावं.

माझ्या घरावर 1995 चे बारा पत्रे आजही आहेत. पैकी एक वानरांनी उड्या मारून तडकवलाय. या आठवड्यात मी तो उतरवणार आहे, म्हणजे पुतण्या उतरवणार आणि मी खालून पंप मारणार, कारण शिडी आता मला जमत नाही. त्या वाचक महोदयांना बघायला यायचं असेल तर जरूर यावं. सकाळी सातच्या आत या, नंतर पत्रा तापतो आणि मारलेलं पाणी टिकत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पत्रा मिस्त्री
ता. औसा, जि. लातूर

(नाव छापू नये ही विनंती. पुतण्या याच धंद्यात आहे आणि त्याला इथंच काम मागायचंय.)